सायबर सिक्युरिटीतली पहिली नोकरी: ऑफर निवडताना

२०२४ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे तीन ऑफर लेटर होती. ऐकायला भारी वाटतं, पण तिन्हींचे पगार एकत्र केले तरी आमच्याच बॅचमधून डेव्हलपमेंटला गेलेल्या एका मुलाचं पॅकेज जेमतेम भरत होतं. शिवाय एक चौथी कंपनी होती. मोठी, लग्नाकार्यात नाव सांगितलं की समोरचा मान डोलावतो अशी. तिने कॅम्पसमधून घेतलं, लेटर ऑफ इंटेंट दिलं, एक छानसा वेलकम व्हिडिओ पाठवला आणि मग गप्प बसली. मेल टाकला की ‘जॉइनिंग डेट लवकरच कळवू’. त्या सुमारास फ्रेशर्सना असं महिनोन्‌महिने ताटकळत ठेवणं बऱ्याच ठिकाणी चाललं होतं, म्हणून मी तिला हिशेबातूनच काढलं. पप्पांना ते पचायला वेळ लागला, कारण सगळ्यांत त्यांच्या ओळखीचं नाव तेवढं एकच होतं.

मी सांगली जिल्ह्यातली. तिकडच्याच कॉलेजातून ईअँडटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग केलं आणि मग पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा. त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे, सगळे डिटिस म्हणतात. लिनक्स, नेटवर्किंग, थोडं फॉरेन्सिक, थोडं क्लाउड. डिटिसला येणारा जवळजवळ प्रत्येक जण मनातल्या मनात हॅकर होऊनच येतो. पहिल्याच आठवड्यात लॅपटॉपवर काली लिनक्स, म्हणजे हॅकिंगची साधनं भरलेली सिस्टीम, आणि स्टेटसला काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. मीही त्यातलीच. पोर्टस्विगरच्या वेब सिक्युरिटी अकॅडमीतल्या लॅब फुकट आहेत, त्या मी रात्री बसून सोडवायचे. त्यामुळे आपण पेंटेस्टिंगलाच, म्हणजे मालकाच्या परवानगीने सिस्टीममधली भोकं शोधायच्या कामालाच जाणार, हे मी गृहीत धरलं होतं.

म्हणूनच अंधेरीच्या ऑडिट फर्मचा फोन आला तेव्हा मी हवेत होते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या पॅनेलवरची फर्म. म्हणजे ज्यांच्याकडून बँका, सरकारी खाती, पेमेंटवाले आपली ॲप्लिकेशनं तपासून घेतात आणि ज्यांच्या सहीचा कागद पुढे चालतो, अशांपैकी. मुलाखत मला आवडली. एक मुद्दाम कच्चं ठेवलेलं वेब ॲप्लिकेशन दिलं आणि म्हणाले, तास घ्या, काय सापडतं बघा. मला इनव्हॉइसच्या पानावर सापडलं. पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बिल उघडत होतं. लॉगिन माझं, बिल त्याचं. याला आयडॉर म्हणतात. स्कॅनरला हे सहसा कळत नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने सगळं सुरळीतच असतं. बिल कुणाचं आणि बघतंय कोण, हे माणसानेच ताडावं लागतं. मुलाखत घेणारे दोघं खूश झाले. वर्षाला चार लाख वीस हजार, पदनाम ‘सिक्युरिटी कन्सल्टंट’.

ऑफर लेटरच्या तिसऱ्या पानावर बाँड होता. दोन वर्षं, दीड लाख, आणि जॉइन होताना तारीख न टाकलेला सही केलेला चेक जमा करायचा.

बाँडबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणजे ‘बाँड कोर्टात टिकतच नाही, बिनधास्त सही कर’ आणि दुसरं ‘सही केलीस की मेलीस’. दोन्ही अर्धवट आहेत. करार कायद्याच्या कलम २७ नुसार एखाद्याला धंदा-नोकरी करण्यापासून अडवणारा करार चालत नाही, हे खरं. पण नोकरीत असताना अमुक काळ राहीन, नाहीतर अमुक भरपाई देईन, हे त्याहून वेगळं प्रकरण. पुढे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षं आणि दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. तिथे बँक सरकारी होती, भरतीची प्रक्रिया खर्चिक होती, पद अधिकाऱ्याचं होतं, हे सगळं त्यात धरलं गेलं. म्हणजे सरसकट कुठलाही बाँड चालेल असं नाही आणि कुठलाच चालणार नाही असंही नाही. माझ्या वेळी हा निकाल नव्हता. मी एचआरला एवढंच विचारलं, ‘दीड लाख कशाचे? कुठलं ट्रेनिंग देणार, कुठली सर्टिफिकेशन परीक्षा?’

ती म्हणाली, ‘ऑन द जॉब शिकाल ना.’

मला बाँडपेक्षा हे उत्तर जास्त खटकलं. दीड लाख ओएससीपी या पेंटेस्टिंगच्या सर्टिफिकेशनच्या परीक्षेला आणि लॅबला घालणार असते तर मी चेकवर आनंदाने सही केली असती.

लिंक्डइनवर शोधून त्याच फर्ममध्ये वर्षभर काढलेला एक मुलगा गाठला. साताऱ्याचा निघाला, त्यामुळे फोनवर मोकळं बोलला. कामाचा आठवडा कसा असतो विचारलं. म्हणाला, ‘ताई, सोमवारी लिस्ट येते. नेसस, बर्प ही तपासणीची टूल्स लावायची, स्क्रीनशॉट काढायचे, जुन्या रिपोर्टमध्ये चिकटवायचे. क्लायंटला सर्टिफिकेट पाहिजे असतं, भोकं नको असतात.’ मी विचारलं, तुझा रिपोर्ट वाचतं कोण? ‘फॉरमॅटिंगवाला वाचतो.’ माझी मुलाखत घेणारे ते दोन हुशार सीनियर? ते बहुतेक वेळ क्लायंटच्या ऑफिसात. त्याच्या बाजूने एवढं सांगितलं पाहिजे की तो दुःखी नव्हता. वर्षभरात त्याने इतकी ॲप्लिकेशनं बघितली होती की मला हेवा वाटला. ज्याला स्वतःहून खोदायची खोड आहे त्याच्यासाठी ती जागा वाईट नाही, असंच तो म्हणाला आणि मला ते पटलं.

तरी ‘वाचतं कोण’ हा प्रश्न डोक्यात राहिला, आणि उरलेल्या दोन्ही ठिकाणी मी तोच विचारला.

दुसरी ऑफर पुण्यात खराडीतल्या एका सॉकची. सॉक म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर. चोवीस तास, तीन पाळ्या, काचेची खोली, मोबाइल बाहेर लॉकरमध्ये. अनेक क्लायंट कंपन्यांचे लॉग, म्हणजे मशीनवर काय काय घडलं त्याच्या नोंदी, एका ठिकाणी येतात, सीम नावाचं सॉफ्टवेअर त्यातून अलर्ट काढतं आणि एल-वनवाला, म्हणजे पहिल्या फळीतला माणूस, तो अलर्ट खरा की फुसका (फॉल्स पॉझिटिव्ह) ते ठरवतो. पेंटेस्टिंगच्या नादातल्या पोरांमध्ये सॉकला फारसा मान नाही, ‘कॉल सेंटरच की’ म्हणतात. मीही मुलाखतीला गेले ती सरावाला म्हणून.

मुलाखत घेणाऱ्या बाई टीम लीड होत्या. त्यांनी थिअरी विचारलीच नाही. लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. विंडोजचे लॉग, इव्हेंट ४६२५, म्हणजे फसलेलं लॉगिन. एकाच अकाउंटवर ओळीने कितीतरी, मध्यरात्रीनंतरचे. ‘काय करशील?’

मी लगेच म्हणाले, ब्रूट फोर्स, अकाउंट ब्लॉक करायचं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘वेळा बघ.’ बघितल्या. बरोबर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने. पासवर्ड ओळखू पाहणारा इतका शिस्तीत कशाला बसेल? ‘लॉगॉन टाइप काय आहे?’ चार होता. तीन म्हणजे नेटवर्कवरून, दहा म्हणजे रिमोट डेस्कटॉप, हे मला पाठ होतं. चार म्हणजे बॅच, शेड्यूल लावलेलं काम. मग मी सबस्टेटस, म्हणजे लॉगिन का फसलं ते सांगणारा कोड बघितला. शेवटी सहा-ए, म्हणजे नाव बरोबर पण पासवर्ड चुकीचा. तेव्हा कुठे उलगडा झाला. बॅकअपसारखं काहीतरी रात्रीचं काम लावून ठेवलंय, कुणीतरी त्या अकाउंटचा पासवर्ड बदललाय आणि कामात जुनाच राहिलाय. ते बिचारं दर पाच मिनिटांनी जुनी किल्ली घालून बघतंय.

‘आणि तू ब्लॉक केलं असतंस तर?’ बाई म्हणाल्या. बॅकअप बंद. क्लायंटचा सकाळी सातला फोन. ‘आता दुसरं सांग. याच्याच शेवटी एक ४६२४ असता, लॉगॉन टाइप तीन, वेगळ्या मशीनवरून, तर?’ ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन. मग गोष्टच वेगळी. असल्या आपोआप चालणाऱ्या कामाच्या (सर्व्हिस) अकाउंटने दुसऱ्या मशीनवरून यायचं कारणच काय? तिथे थांबायचं नाही, उचलून एल-टूकडे, म्हणजे वरच्या फळीकडे द्यायचं.

ती मुलाखत कमी आणि तास जास्त होता. निघताना मी माझा प्रश्न विचारला. मी अलर्ट बंद करताना जी नोट लिहीन ती वाचतं कोण? त्यांनी एका एल-वन मुलीला बोलावलं आणि म्हणाल्या, हिलाच विचार. तिने सांगितलं की एल-टूवाले रोज बंद झालेल्या तिकिटांतली काही उघडून बघतात आणि पटलं नाही तर शेरा मारून परत पाठवतात. तिच्या एका नोटवर शेरा होता, ‘हे फॉल्स पॉझिटिव्ह आहे हे तुला कसं कळलं ते लिही. काय आहे ते मलाही दिसतंय.’ असे किती परत येतात विचारलं तर हसली. सुरुवातीला नुसते तेच यायचे म्हणाली.

पगार मात्र तीन लाख साठ हजार. अंधेरीपेक्षा साठ हजारांनी कमी.

तिसरी ऑफर मामांमुळे आली. आमच्या जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या संचालकांशी त्यांची ओळख. बँकेला कॉम्प्युटरवालं माणूस हवं होतं, त्यातही ‘सायबरवालं’. कारण रिझर्व्ह बँक. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या स्विचमध्ये मालवेअर घुसवून बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले, वर स्विफ्ट या परदेशी पैसे पाठवायच्या यंत्रणेतून हाँगकाँगला वळते केले. सगळे मिळून ९४ कोटी. त्यानंतर सहकारी बँकांच्या सुरक्षेकडे बघायची नजर बदलली. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी ऑक्टोबरात नागरी बँकांसाठी मूलभूत नियम काढले आणि ३१ डिसेंबर २०१९ ला चार पातळ्यांची सविस्तर चौकट आणली. बँक किती डिजिटल आहे त्यावर पातळी ठरते आणि पातळीनुसार कामं वाढतात. कागदावर झकास व्यवस्था आहे. पण ती राबवायला तालुक्याच्या गावात माणूस कुठून आणायचा?

मी भेटायला गेले. ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभाग ही एक खोली, दोन टेबलं, मागे यूपीएसच्या बॅटऱ्या. विभागाचे साहेब निवृत्तीला आलेले, स्वभावाने गोड. त्यांनी कपाटातून फाइल काढली. कॉम्प्युटर यंत्रणा तपासणाऱ्या आयएस ऑडिटरचे शेरे, आणि त्याखाली दरवर्षीचा दोषदुरुस्ती अहवाल. ‘फायरवॉलच्या नियमांचा आढावा घेतलेला नाही.’ ‘काम सुरू आहे.’ पुढच्या वर्षी तोच शेरा, तेच उत्तर. ‘नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्यांचे आयडी बंद केलेले नाहीत.’ ‘काम सुरू आहे.’ साहेब म्हणाले, ‘तुम्ही आलात की हे सगळं तुमच्याकडं.’ कोअर बँकिंग व्हेंडरच्या डेटा सेंटरवर, स्विच स्पॉन्सर बँकेचा, आणि मधलं सगळं माझं. हाताखाली कुणी नाही, वर विचारायलाही कुणी नाही. माझ्या नोटा वाचतं कोण, हा प्रश्न तिथे विचारायची गरजच पडली नाही.

खोटं कशाला सांगू, मोह झाला. फायरवॉलचा नियम बदलायचा तर सॉकमधल्या एल-वनला तिकीट टाकून क्लायंटची वाट बघावी लागते. इथे मी सकाळी ठरवलं असतं आणि दुपारी झालं असतं. घर पंधरा मिनिटांवर, घरचं जेवण, हातात बावीस हजार. मामा म्हणाले, ‘पोरी, पुण्यात पंचवीस मिळवून पंधरा घालवशील. इथं बावीसचे बावीस शिल्लक.’ गणित बरोबर होतं.

गणिताचं म्हणाल तर खरी मजा पप्पांनी केली. ते साखर कारखान्यात अकाउंट्सला आहेत. पुण्याची आणि अंधेरीची दोन्ही ऑफर लेटर त्यांनी शेजारी-शेजारी ठेवली आणि पेन्सिल घेतली. अंधेरीचे चार लाख वीस हजार. त्यातले बेचाळीस हजार व्हेरिएबल, म्हणजे कंपनीला वाटलं तर. कंपनीचा पीएफचा वाटा एकवीस हजार सहाशे, तोही सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या वार्षिक पॅकेजातच धरलेला. ग्रॅच्युइटी दहा हजार शंभर, जी तेव्हाच्या नियमाने पाच वर्षं टिकलं तर मिळणार. विम्याचा हप्ता सहा हजार, माझ्याच पॅकेजमधून. उरले महिना साधारण अठ्ठावीस हजार साडेतीनशे. त्यातून माझा पीएफ अठराशे आणि व्यवसाय कर दोनशे. हातात सव्वीस हजार साडेतीनशे. मग खराडीचं. व्हेरिएबल नाही, विमा कंपनीचा. पीएफ आणि ग्रॅच्युइटी काढून, माझा पीएफ आणि कर जाऊन हातात पंचवीस हजार पाचशेच्या आतबाहेर. वर नाइट अलाउन्स, रात्रीला तीनशे.

‘मग साठ हजार गेले कुठं?’ पप्पा म्हणाले. मला विचारत नव्हते, ते कागदालाच विचारत होते. महिन्याला आठ रात्री भरल्या तरी खराडी पुढे जात होती, आणि अंधेरीत कॉटचं भाडं खराडीपेक्षा तीन-चार हजारांनी जास्त. ऑफर तुलनेला घेताना सीटीसी बघूच नये, असं माझं आता ठाम मत आहे. पगाराचा ब्रेकअप मागावा, आणि तो द्यायला एचआर टाळाटाळ करत असेल तर तेही उत्तरच समजावं.

पगाराचा मुद्दा असा निकालात निघाला आणि रात्रपाळीचा पुढे आला. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०१७ च्या, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर संरक्षण आणि घरापर्यंतची वाहतूक कंपनीने बघायची असते. आईला कलमं सांगून काही उपयोग नव्हता. तिने सरळ विचारलं, गाडीत शेवटी कोण उतरतं? मी कंपनीला विचारून सांगितलं की मुलगी शेवटची असेल तर सोबत गार्ड असतो. ‘आणि झोपणार कधी?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नीटसं नाही. रात्रपाळीचा आठवडा संपला की दोन दिवस माणूस कामाचा राहत नाही. जे म्हणतात सवय होते त्यांनी बहुधा दिवसपाळीतच नोकरी केलेली असते.

अंधेरीच्या फर्मने अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली होती. घाई करणाऱ्या मुदती बहुतेक वेळा लवचीक असतात, मागून बघायला काही जात नाही. मी मेलवर आठवडा मागितला, शुक्रवारचं सोमवारवर गेलं. बाँडबद्दलही बोलले. ते एका वर्षावर आले, चेक मात्र हवाच म्हणाले. इथे माझं ठरलं. पेंटेस्टिंग सुटलं याचं वाईट वाटलं, पण पहिल्या नोकरीत माझं काम कुणीतरी वाचून परत पाठवायला हवं होतं, आणि ते तिन्हींत एकाच ठिकाणी होणार होतं. फर्मला नकाराचा मेल चार ओळींचा लिहिला, कारणं दिली नाहीत, आभार मानले. त्यांचं उत्तर सभ्य होतं.

बँकेला नकार देणं मात्र अवघड, कारण तो मामांमार्फत जाणार होता. मी स्वतः साहेबांना जाऊन भेटले. म्हणाले, मला अजून इतकं येत नाही की एकटीने ही फाइल संपवीन. ते म्हणाले, ‘येणारं कुणी इकडं येत नाही हो.’ मामा महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

सॉकमधलं पहिलं वर्ष त्या मुलीने सांगितलं तसंच गेलं. नोटा परत यायच्या. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांमुळे ठराविक घटना सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. त्यामुळे ‘मला वाटलं’ अशी नोट चालत नाही. कधी कळलं, कशावरून कळलं, मिनिटासकट लिहावं लागतं. आता मी दुसऱ्यांच्या नोटा परत पाठवते. काही दिवस अलर्टमागून अलर्ट फुसके निघतात आणि इतका कंटाळा येतो की अंधेरीच्या त्या यादीचीही आठवण येते. सुटीच्या दिवशी अजूनही पोर्टस्विगरच्या लॅब सोडवते.

बँकेत माझ्या जागेवर लागलेला मुलगा मिरजेचा आहे. मामांनीच त्याला माझा नंबर दिला. तो अधूनमधून फोन करतो, कधी फायरवॉलच्या लॉगबद्दल, कधी ऑडिटरने मागितलेल्या एखाद्या धोरणाच्या मसुद्याबद्दल. सोडून गेलेल्यांचे आयडी त्याने पहिल्याच तिमाहीत बंद करून टाकले. मंजुरी घ्यायला सीईओंच्या केबिनमध्ये गेला आणि सही घेऊनच बाहेर आला. माझ्या इथे असा अधिकार हातात यायला अजून पुष्कळ वर्षं लागतील.